एका कायद्याची अठरा वर्षे : राजकीय पक्ष, धर्मभावना आणि विज्ञान

भारतीय संविधानात सन १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट करण्यात आली. कलम ५१-क मधील (ज) ह्या पोटकलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. विद्यार्थी हे कलम परीक्षेसाठी पाठ करतात. परंतु आमदार, मंत्री आणि पक्षाध्यक्ष हेही नागरिकच आहेत, तेव्हा हे कर्तव्य त्यांनाही लागू आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विज्ञानाची बाजू आणि धर्मभावना समोरासमोर उभ्या ठाकल्या म्हणजे आपले राजकीय पक्ष कसे वागतात, याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा. त्याची मागणी विधिमंडळात प्रथम मान्य झाली १९९५ साली आणि कायदा झाला २०१३ साली. मधली अठरा वर्षे कशात गेली, ते सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

ह्या प्रकाराला एक जुना दाखला आहे, आणि तो आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. हिंदू कोड बिल. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री या नात्याने ते बिल सभागृहात नेटाने लढविले. स्त्रीला वारसाहक्क आणि घटस्फोटाचा अधिकार देणाऱ्या त्या बिलाला सनातनी मंडळींचा विरोध होता, आणि सत्ताधारी काँग्रेस पक्षातील वजनदार पुढाऱ्यांचाही होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. बिल बाजूला ठेवले गेले आणि बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. निवडणूक पार पडल्यानंतर त्याच पक्षाच्या सरकारने १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे चार तुकडे करून चार कायदे संमत केले. म्हणजे बिल चुकीचे नव्हते, वेळ गैरसोयीची होती. पुढे महाराष्ट्रात जे घडले ते वाचताना हा दाखला मनात ठेवावा.

जुलै १९९५ मध्ये विधान परिषदेने अंधश्रद्धा निर्मूलनाचा कायदा करावा असा अशासकीय ठराव मंजूर केला. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. ठराव कागदावर राहिला. १९९९ साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सरकार आले. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणारे हे पक्ष काम तातडीने करतील अशी अपेक्षा होती. २००३ साली सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने मसुद्यास मान्यता दिली. मग २००४ ची निवडणूक आली. २००५ च्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण विधान परिषदेत ते अडकले. मग २००९ ची निवडणूक आली, विधानसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. २०११ साली पुन्हा नवा मसुदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, तसेच प्रा. श्याम मानव व त्यांची अखिल भारतीय समिती ह्यांनी अधिवेशनामागून अधिवेशन पाठपुरावा केला. प्रत्येक वेळी मसुद्यातील काही ना काही गाळले गेले.

इतके काय भयंकर होते त्या विधेयकात? कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकार दिले आहेत. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे; गुप्तधनासाठी नरबळी; एखाद्या बाईने करणी केली असे जाहीर करून तिची नग्न धिंड काढणे; मूल होण्याचे आमिष दाखवून लैंगिक शोषण; गर्भातील मुलाचे लिंग बदलून देतो असा दावा. यांतला एक तरी प्रकार कोणत्या धर्माचा आधारस्तंभ आहे, असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय?

अनुसूचीतील एका प्रकाराकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा आता गुन्हा आहे. खेड्यातील माणूस म्हणतो, आमच्या मांत्रिकाने शंभर माणसे वाचविली. तो खोटे बोलत नसतो. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. माणसाच्या जिवावर उठणारे मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. शिवाय विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. तेव्हा मांत्रिकाकडे नेलेल्या माणसांपैकी पुष्कळ जण काहीही न करता वाचणारच असतात, आणि श्रेय मंत्राला मिळते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे त्याला सर्पविषरोधक लसच लागते. घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी करून ती बनवितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. लस जितकी लवकर तितका जीव वाचण्याचा संभव अधिक. मांत्रिकाच्या अंगणात गेलेले दोन तास हेच मरणाचे कारण होते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. ही माणसे कोण? शेतात वाकून काम करणारी, अनवाणी चालणारी, जमिनीवर झोपणारी. म्हणजे बहुतांशी आपलीच.

आणि इथेच पक्षांच्या वागण्याचे उत्तर आहे. सर्पदंशाने मेलेल्या मजुराची संघटना नसते. डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बाईच्या मागे मतांचा गठ्ठा नसतो. ज्यांचा फायदा होणार ते विखुरलेले आणि मुके. ज्यांची भावना दुखावणार असे सांगितले जाते ते संघटित, आणि आमदाराच्या दारात येऊन बसणारे. चार-दोन हजार मतांनी निवडून येणारा आमदार कोणाचे ऐकणार? त्याचा स्वतःचा मंत्रतंत्रावर विश्वास असतोच असे नाही. त्याच्या छातीत कळ आली की तो मुंबईचे मोठे इस्पितळ गाठतो, बुवाच्या मठात जात नाही. विज्ञान त्याला स्वतःच्या प्रकृतीसाठी मान्य असते, मतदारांसाठी नसते. पक्षांच्या ह्या हिशेबास आम्ही सनातनी वृत्तीपेक्षाही अधिक दोषी धरतो. कारण सनातनी निदान जे मानतो तेच बोलतो.

विरोध करणाऱ्यांत काही वारकरी संघटना पुढे होत्या. त्यांची भीती अशी की उद्या वारीला, कीर्तनाला, नवसालाही पोलीस अडवतील. ही भीती आपोआप उपजलेली नव्हती. हा कायदा हिंदू धर्माविरुद्ध आहे असा प्रचार काही कट्टर संघटनांनी पद्धतशीरपणे केला, आणि शिवसेना व भाजप ह्या तेव्हाच्या विरोधी पक्षांनी त्यास साथ दिली. मसुद्यात देव आणि धर्म हे शब्दसुद्धा नाहीत, असे डॉ. दाभोलकर सभांमधून सांगत राहिले. ज्या तुकोबांनी बुवाबाजीवर कोरडे ओढले, त्यांच्याच वारीच्या नावाने बुवाबाजीला संरक्षण मागितले जावे, यापरता विपर्यास कोणता! मात्र आपणही एक प्रश्न स्वतःला विचारावा. बाबासाहेबांच्या नावाने राजकारण करणाऱ्या निरनिराळ्या गटांनी ह्या अठरा वर्षांत ह्या एका मागणीसाठी किती मोर्चे काढले?

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश काढण्याचे ठरविले. जे दहा वर्षे जमत नव्हते ते एका दिवसात जमले. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. कमीत कमी सहा महिने ते जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. खुनाच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले.

कायदा झाला खरा, पण काय गाळून? तडजोडीची खूण कायद्यातच पाहावयास मिळते. वारी, कीर्तन, प्रवचन, नवस, मोहरमची मिरवणूक, जैनांचे केशलोचन यांना तो लागू नाही, हे रास्तच आहे. परंतु त्याच यादीत वास्तुशास्त्राचा सल्ला आणि जोशी-ज्योतिषांचा सल्ला यांनाही सूट दिली आहे. पैसे घेऊन भविष्य सांगणे हा काही उपासनेचा प्रकार नव्हे.

ज्योतिषाची तपासणी झालेलीच नाही असे मात्र नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली, भाजपच्या नेतृत्वाखालील केंद्र सरकारच्या काळात, विद्यापीठांतून ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकविण्याची योजना आणली. शास्त्रज्ञ सर्वोच्च न्यायालयात गेले, पण २००४ साली त्यांची याचिका फेटाळली गेली. अनेक शास्त्रज्ञांप्रमाणे डॉ. जयंत नारळीकर यांनीही ह्या योजनेस विरोध केला होता. पुढे त्यांनी डॉ. दाभोलकर व अन्य सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे जन्मपत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस द्यायच्या आणि मूल हुशार की मतिमंद एवढेच विचारायचे. ५१ जणांनी तयारी दाखविली, उत्तरे आली २७ जणांची. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. आता नाणे उडवून काटा-छाप पाहत बसले तरी दोनशेपैकी शंभरच्या आसपास उत्तरे बरोबर येणारच! आकडेमोडीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांना तरी ह्याहून अधिक पुरावा लागत नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याने एकाही पक्षाचा उमेदवारी अर्ज भरण्याचा मुहूर्त बदलला असेल असे वाटत नाही.

विद्यार्थ्यांना अधिक जवळची गोष्ट डार्विनची आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले, असा त्यांचा एकूण मुद्दा. उत्क्रांतिवाद तसे म्हणतच नाही. आजचे वानर आणि आजचा माणूस यांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी एकच होते, असे तो म्हणतो. चुलतभावाला बाप म्हणण्यासारखी ही गफलत. देशाच्या तीन विज्ञान अकादमींनी निषेध केला आणि वरिष्ठ मंत्र्यांनी त्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. पण २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी, असे कारण दिले गेले. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण होते, हे नमूद करावयास हवे.

एकाच पक्षाला बोल लावून मोकळे होता येत नाही. कर्नाटकात २०१७ साली काँग्रेस सरकारने जादूटोणाविरोधी कायदा केला. तो अमलात आला जानेवारी २०२० मध्ये, भाजप सरकार असताना. गुजरातमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये भाजप सरकारने असाच कायदा केला, तोही उच्च न्यायालयात याचिका गेल्यानंतर. उलट केरळात, जिथे २०२२ साली दोन स्त्रियांचा नरबळी दिल्याचे प्रकरण उघड झाले, तेथील तेव्हाच्या डाव्या आघाडीच्या सरकारने जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयास सांगितले की असा कायदा पुढे न नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आहे. मार्क्सचे नाव घेणाऱ्यांची ही कथा, मग इतरांचे काय?

आपल्या राज्यात कायदा आहे, पण पुष्कळांना तो कोणाकडे जाऊन वापरायचा हे माहीत नसते. ह्या कायद्याखाली पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी दक्षता अधिकारी म्हणून नेमण्याची तरतूद आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी, आणि ती देताना ‘फसवणूक’ एवढेच न लिहिता ह्या अधिनियमाचे नाव लिहावे, म्हणजे साध्या अर्जावर बोळवण होत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही आजारी मुलाच्या दंडावर ताईत दिसतो, आणि कधी कधी तो बांधणारा बुवा गळ्यात निळा शेला घालून आलेला असतो. त्यालाही हा कायदा तितकाच लागू आहे.