गाळपाचा हंगाम, मंडईचा हंगाम



गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि त्याच सुमारास गावोगावच्या मंडईच्या तारखा कानावर येऊ लागतात, असा आपल्या भागाचा रिवाज आहे. धान खळ्यावर, ऊस फडात आणि माणूस मंडईत! तोडणीचा कार्यक्रम व गाळपाची माहिती अंकात इतरत्र आहेच. या पानावर आम्ही परिसरातील कलेचा हालहवाला देत आहोत. हा विषय शेतीबाहेरचा नव्हे, हे वाचता वाचता ध्यानात येईलच.

मंडई आणि दंडार

भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत गावागणिक दिवस ठरलेला असतो. गोवारी बांधवांची ढाल निघते, तलावांतले शिंगाडे विकायला येतात, लेकी-जावई घरी येतात. 'मंडईले येजा जी' एवढे तोंडी आमंत्रण पुरते, छापील पत्रिकेची गरज पडत नाही. कित्येक सोयरिकींची बोलणी इथेच सुरू होतात.

दिवसा दंडार होते. तीत बायांची सोंगेही गडीच घेतात. खडी गंमत नावाप्रमाणेच उभ्याने चालते. शाहीर आणि नाच्या ढोलकीच्या तालावर माणसांना खिळवून ठेवतात. या कलांकडे शहरी विद्वानांचे लक्ष फारसे नव्हते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा व दंडारीचा अभ्यास करून तो ग्रंथरूपाने मांडला. आपण घरात बोलतो ती बोली गावंढळ नसून तिला स्वतःचे व्याकरण व शब्दभांडार आहे, हा विश्वास अशा कामामुळे आला.

रातभराचे नाटक

रात्री नाटक. लाखांदूर तालुक्यातून पुढे गेले की वडसा लागते. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे ते मुख्य ठाणे. रात्री उशिरा पडदा उघडतो तो झुंजुमुंजू होईपर्यंत. ब्लँकेट, शाल घेऊन बायाबापड्या, पोरेसोरे सगळी हजर! हा हंगाम होळीपर्यंत चालतो. 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तो मान साऱ्या झाडीपट्टीचा होय.

या रंगभूमीचा हिशेब आपल्याला सहज समजेल असा आहे. गावातले मंडळ कंपनीशी बोलणी करते, मंडप उभारते, तिकिटे विकते. चार पैसे उरले तर ते गावाच्या कामी लागतात. तोटा आला तर मंडळाच्या पोरांच्या अंगावर येतो. तिकिटाचा पैसा येतो कुठून? धानाच्या नि उसाच्या पट्टीतून. अवकाळी पाऊस आला की खळ्यावरचे धान भिजते, मंडपही भिजतो. शेतकऱ्याचे साल बुडाले की कलावंताचेही बुडाले म्हणून समजा.

2020 साल कोण विसरेल? ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले, नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. त्यातच कोरोना. त्या दिवाळीनंतर झाडीपट्टीचा पडदा फारसा उघडलाच नाही. कलावंतही बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी-शेतमजूर. त्यांना दोन्हीकडून मार बसला.

पटाची जोडी

मंडईनंतर शंकरपट. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रकरण न्यायालयात अडकले. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. पटाच्या निमित्तानेही गावोगाव नाटके होतात. त्यामुळे पट थांबला तेव्हा नुसती जोडी गोठ्यात बसली नाही, त्या गावांच्या नाटकालाही झळ लागली. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी पाहिजे व जनावराचा छळ होता कामा नये. एका गावाने अट मोडली तर बोट साऱ्यांकडेच दाखवले जाईल, हे आयोजकांनी विसरू नये.

मात्र कायद्याने पट परत दिला तरी बैल कोण देणार? चिखलणीला ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत चालले. हा प्रश्न न्यायालयाचा नाही, आपल्या दावणीचा आहे.

धरणाकाठची गावे

गोसेखुर्दचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. या पाण्याची वाट शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पाहिली. पण त्यासाठी पवनी भागातील गावे उठली. गाव उठते तेव्हा घर-जमिनीचा मोबदला मोजता येतो. मंडईच्या आखराची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. अशा गावांतील सोयऱ्यांना आपल्या मंडईचे आवतन आधी द्यावे, असे आम्हाला वाटते.

सभासदांना विनंती

एक. गावच्या नाटकाचे तिकीट फुकट मागू नये. सभासदाने ऊस दुसरीकडे घातला तर कारखान्याचे जे होते, तेच फुकट्या प्रेक्षकांमुळे मंडळाचे होते.

दोन. नाटक सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. धुक्यात त्या दिसत नाहीत. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावावा, बिघडलेली ट्रॉली रस्त्याखाली घ्यावी. नाटक पाहून परतणारा माणूस आपल्याच घरचा असतो.

तीन. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दंडारीची जी गाणी येत असतील ती वहीत उतरवून घ्या. शाळेत जाणाऱ्या पोराला हे काम द्या.

धानाचे, उसाचे बियाणे आपण जपून ठेवतो. हेही बियाणेच आहे, एकदा मोडले की बाजारात विकत मिळायचे नाही.