मोहरी आणि पिवळा धोत्रा : ओळख व दक्षता

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या काळ्या जमिनीत रब्बी हंगामात हरभरा व ज्वारी ही पिके घेतली जातात. याच दिवसांत बांधावर, पडीत जागी व विरळ पिकात पिवळ्या फुलांचे एक काटेरी तण वाढताना आढळते. हाच पिवळा धोत्रा होय. मूळची मेक्सिकोकडील ही वनस्पती अफूच्या कुलातील असून मोहरीशी तिचे नाते नाही. तथापि तिचे बी मोहरीसारखे दिसते आणि खरा धोका या साम्यातच आहे.

या बियांच्या तेलात सँग्विनारीन हे विषारी द्रव्य असते. भेसळीचे तेल पोटात गेल्यास पायांवर सूज येते, धाप लागते व हृदय दुर्बल होते. काही रोग्यांच्या दृष्टीसही बाधा पोहोचते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील अशा भेसळीमुळे 60हून अधिक माणसे दगावली.

दोन्ही झाडे शेतात उभी असताना त्यांतील भेद सहज कळतो. मोहरीची फुले लहान, झुपक्याने येणारी व चार पाकळ्यांची असतात. शेंग लांबट व गुळगुळीत असते. पिवळ्या धोत्र्याचे फूल मोठे व एकेकटे येते. त्याच्या निळसर हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरा व कडांना काटे असतात. बोंडही काटेरी असते. देठ मोडताच पिवळा चीक निघतो. मोहरीच्या झाडात असा चीक नसतो.

मळणीनंतर मात्र पारख बियांवरूनच करावी लागते. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो व चिरडल्यास आतून पिवळा दिसतो. पिवळ्या धोत्र्याचे बी काळे व खरबरीत असून आतून पांढरे असते. दाणे पांढऱ्या कागदावर पसरून पाहिल्यास शाळेतील मुलांनाही हा फरक दाखविता येईल.

बोंडे पिकून वरून उकलली की बी जमिनीवर सांडते व पुढे कित्येक वर्षे उगवत राहते. म्हणून फुले दिसू लागताच हे तण मुळासकट उपटावे. मोहरीच्या कापणीपूर्वी शेतातून एक फेरी मारून अशी झाडे वेगळी काढावीत, म्हणजे त्यांचे बी खळ्यात येणार नाही. तेल्याकडे मोहरी नेण्यापूर्वी मूठभर दाणे तपासावेत आणि संशय आल्यास ते बी गाळपास देऊ नये. या थोड्या श्रमावर घरच्यांचे व गिऱ्हाइकांचे आरोग्य अवलंबून आहे.