रिव्हॉल्व्हरची नळी किती लांब हवी?

आंबेगाव-जुन्नरमध्ये बिबट्याचा हल्ला झाला की गावोगावी हत्याराच्या परवान्याची चर्चा सुरू होते. पेठ, कुरवंडी, कारेगाव या सातगाव पठारावरच्या गावांत तिला रानडुकरांचीही जोड असते, कारण बटाट्याच्या सऱ्या एका रात्रीत उकरल्या जातात. मग जाणकार म्हणवणारा कुणीतरी सल्ला देतो: घ्यायचंच तर लांब नळीचं रिव्हॉल्व्हर घ्या, लांबवर मारतं आणि नेमही चुकत नाही. या एका वाक्यात दोन-तीन गैरसमज आहेत, आणि ते जिवावर बेतू शकतात.

पहिला गैरसमज असा की नळी लांब म्हणजे मार फार मोठा. दारूचा वायू गोळीला ढकलतो तेवढाच वेळ तिचा वेग वाढतो. सर्वसामान्य परवानाधारकाला आपल्याकडे मिळतं ते बहुधा .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर. त्याच्या काडतुसात दारू थोडी असते, आणि ती नळीच्या सुरुवातीच्या भागातच बहुतेक जळून जाते. शिवाय रिव्हॉल्व्हरचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथून थोडा वायू निसटतो. त्यामुळे नळी इंचभर वाढवली तर वेगात पडणारी भर थोडकीच असते. .32 ची गोळी मुळातच मंद आणि हलकी. नळी सहा इंचांची केली म्हणून तिची रायफल होत नाही.

मापाचाही घोळ असतो. रिव्हॉल्व्हरची नळी चक्राच्या पुढून मोजतात. पिस्तुलाच्या मापात मात्र काडतूस बसतं ती जागाही धरलेली असते. म्हणून तीन इंची रिव्हॉल्व्हर आणि चार इंची पिस्तूल यांची आकड्यांवरून तुलना करू नये.

नेमाचं बघू. आखूड नळीतून गोळी वाकडी जात नाही. रिव्हॉल्व्हर शिकंज्यात पक्कं बसवून झाडलं तर आखूड नळीही चांगला नेम देते. फरक पडतो तो आपल्या डोळ्याला. नेम धरताना मागची खाच आणि पुढचा उंचवटा एका रेषेत आणावे लागतात, आणि त्या दोघांत अंतर जितकं कमी, तितकी हाताची बारीक चूक मोठी होते. हिशोब सोपा आहे. खाच आणि उंचवटा यांत 110 मिलिमीटर अंतर असेल आणि जुळवताना 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 10 मीटरवर गोळी 9 सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर 190 मिलिमीटर असेल तर साधारण 5 सेंटिमीटर. पण 3 मीटरवर हा फरक जेमतेम सेंटिमीटरभर उरतो. स्वसंरक्षणाची वेळ येते ती बहुधा अशाच हाताच्या अंतरावर, अंधारात आणि घाबरलेल्या अवस्थेत. तिथे सराव नसेल तर लांब नळी काही वाचवत नाही.

म्हणून दोन इंच सोयीचे, असंही नाही. आखूड आणि हलक्या हत्याराचा धक्का जास्त बसतो, भडका आणि आवाज मोठा होतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं ‘निर्भीक’ जेमतेम अर्ध्या किलोचं आहे. पर्समध्ये ते मावतं, पण सरावाला हाताची चांगली पकड लागते. 2023 मध्ये आलेल्या ‘प्रबल’ची नळी 76 मिलिमीटरची, म्हणजे तीन इंच. माझ्या मते ज्याला खरोखर गरज आहे आणि जो सराव करणार आहे, त्याने तीन ते चार इंचांच्या पलीकडे जाण्याचं कारण नाही. सहा इंच ठीक आहेत ते निशाणीवर नेमबाजी करणाऱ्याला.

आता कायदा, कारण सगळ्यात घातक गैरसमज इथे आहे. ‘नळी लांब वाटली तर कापून घेऊ’ हे बोलणं गावात हमखास कानावर येतं, विशेषतः जुन्या दुनळीबद्दल. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 6 परवान्याशिवाय नळी आखूड करायला मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी आहे. त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये नळीचं एक माप दिलेलं आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितलेल्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी 20 इंचांपेक्षा कमी नसावी. पीकरक्षणाला हाच कायदा आधी ठासणीची बंदूक पुढे करतो. ती अपुरी आहे असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार होतो. रिव्हॉल्व्हर या सवलतीत येत नाही. त्यासाठी सबळ कारण पटवावं लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो. बटाटे डुकरं खातात म्हणून रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याचा अर्ज पुढे सरकणं कठीण आहे.

आणि परवाना मिळाला तरी तो हत्यार बाळगण्याचा असतो, वन्यप्राणी मारण्याचा नव्हे. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने तो मारला गेला तर कलम 11 संरक्षण देतं. गोठ्याजवळ दिसला म्हणून झाडलेल्या गोळीला ते मिळत नाही. उसात दबलेला बिबट्या दिसतो तो दोन-चार पावलांवर, बहुधा पाठीमागून येतो आणि वाकून काम करणारं माणूस किंवा लहान मूल गाठतो. कमरेचं रिव्हॉल्व्हर काढायला तेवढी उसंत मिळत नाही. .32 ची गोळी लागून तो नुसता जखमी झाला, तर त्याच उसात दुसऱ्या दिवशी तोडणीला येणाऱ्या मजुरांच्या जिवाला जास्तच धोका.

नळीच्या इंचांवर वाद घालण्यापेक्षा ग्रामसभेत दोन मागण्या लावून धरायला हव्यात: रात्री पाणी द्यायला जावं लागू नये म्हणून शेतीला दिवसा वीज, आणि वस्तीला लागून उसाऐवजी मोकळा पट्टा. बिबट्या दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे, आणि अंधारात उसात एकट्याने जायचं नाही.