आडाच्या पाण्याला वास येतो, पावडर किती टाकावी?



जुना जालन्यात राहणाऱ्या सभासदांकडे ऊस नोंदीला गेले, की लागणीच्या तारखेआधी आडाच्या पाण्याचा विषय निघतो. कुंडलिकेकाठचे हे जुने गाव. जुन्या वाड्यांतून आड आहेत, पण नळ आले तसे पुष्कळ आड वापरातून सुटले. 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट पाहावी लागली, तेव्हा त्यांची आठवण झाली. मात्र पडून राहिलेल्या आडाचे पाणी एकदम प्यायला घेता येत नाही.

सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि तांब्याची घागर काळी पडते. तळाशी पाला, गाळ, कबुतरांची घाण कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कारखान्याचे सांडपाणी तुंबले की येतो, तोच हा वास. हे जिवाणू स्वतः फारसे अपायकारक नसतात. खरी भीती संडासाच्या पाझराची. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांतून वाहते, गाळले जात नाही. शोषखड्डा आडापासून निदान 50 फूट दूर हवा, पण घराला घर लागलेल्या वस्तीत तेवढी जागा कोणाकडे आहे? मग पावसाळ्यात हगवण, कावीळ सुरू होते, आणि सगळ्यात आधी लेकरे आजारी पडतात.

पुष्कळजण मूठभर टीसीएल पावडर वरून भिरकावतात. दोन दिवस वास जातो, तिसऱ्या दिवशी परत येतो. कारण गाळ तसाच असतो आणि पावडरीतला क्लोरीन तोच खाऊन टाकतो. तेव्हा आधी उपसा करून गाळ काढावा. आत उतरताना मात्र जपावे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो आणि जास्त असला तर नाकाला वासही कळत नाही. कंदील विझला नाही म्हणून वायू नाही असे समजू नये. आडात चांगली हवा खेळवावी, कमरेला दोर बांधावा आणि वर दोन माणसे असावीत. शक्य तर पंपानेच गाळ काढावा.

आता हिशेब. आडाचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 22 ने. आले ते लिटर. व्यास 5 फूट, पाणी 12 फूट असेल तर 6,600 लिटर. पहिल्या जोरदार मात्रेला 1,000 लिटरला 200 ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे या आडाला सुमारे 1 किलो 300 ग्रॅम. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, मग बादली भरून ढवळावी. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घेऊन आडात सोडावी आणि बादली पाण्यात खालीवर हिसडावी. चुना आत टाकला तर पाणी जड होते. 24 तास पाणी वापरू नये. नंतर क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत उपसून टाकावे; ते जनावरांना, रोपांना घालू नये.

पुढे रोजच्या वापराला 1,000 लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. तासाभराने ओटी तपासणीत पिवळा रंग आला पाहिजे. न आल्यास मात्रा वाढवावी. उघडी पडलेली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत.

पाणी काळे पडते का हे पाहण्याच्या छोट्या बाटल्या मिळतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा व सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ही पद्धत मांडली. पण वास असलेले पाणी त्यात जंतूंशिवायही काळे पडू शकते. म्हणून ती तपासणी वास गेल्यावर, पावडर बंद ठेवून आठ दिवसांनी करावी. तेव्हाही काळे पडले तर पाझर चालू आहे असे समजा. मग आडाचा कठडा, वरच्या दहा फुटांची चिरेबंदी आणि शेजारचा शोषखड्डा पाहावा लागेल. तोवर पिण्याचे पाणी खळखळ उकळूनच घ्यावे.