दुहेरी मापदंड (लेखांक ६) : बाईचा हक्क आणि समाजाची अस्मिता

२३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो खटल्याचा निकाल दिला. त्यानंतर जेमतेम महिनाभराने, २७ मे रोजी, सौमित्री विष्णू खटल्याचा निकाल लागला. दोन्ही खंडपीठांचे प्रमुख एकच होते, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. पहिल्या निकालावरून देश वर्षभर ढवळून निघाला. दुसरा निकाल वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचलाच नाही. स्त्री-पुरुषांना लावले जाणारे वेगवेगळे माप आणि अल्पसंख्याकांचा प्रश्न यांची गुंतागुंत या दोन निकालांना शेजारी ठेवल्यावर जशी उकलते तशी एरवी क्वचितच.

शाहबानो इंदूरच्या. लग्न १९३२ सालचे, तीन मुलगे, दोन मुली. नवरा मोहम्मद अहमद खान नावाजलेला वकील. त्याने दुसरे लग्न केले आणि १९७५ साली शाहबानोंना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला. नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि मेहरचे (लग्नात ठरलेल्या वधूधनाचे) ३,००० रुपये कोर्टात भरून आपली जबाबदारी संपली असे सांगितले. दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये पोटगी लावली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. नवऱ्याची कमाई वर्षाला साठ हजारांच्या घरात आहे, असे शाहबानोंचे म्हणणे होते. या १७९ रुपयांसाठी तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला.

कलम १२५ कोणत्याही एका धर्माचे नव्हते. बायको, मुले किंवा म्हातारे आईबाप यांना कोणी वाऱ्यावर सोडू नये, एवढाच त्याचा हेतू. पण निकालपत्रात कुराणातील वचनांचा अर्थ लावला गेला, समान नागरी कायद्याची अपेक्षाही व्यक्त झाली, आणि तिथून पोटगीचा विषय मागे पडला. मुस्लिम धर्मसंस्थांनी निकालाला धर्मातील ढवळाढवळ ठरवले. हिंदुत्ववादी पक्षांनी त्याच निकालाचा उपयोग मुस्लिम समाज किती मागासलेला आहे हे सांगण्यासाठी केला. वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या शाहबानोंवर इतका दबाव आला की नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी जाहीर पत्रावर अंगठा उठवून स्वतःच जिंकलेला निकाल नाकारला. मे १९८६ मध्ये संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. इद्दतीनंतर (तलाकनंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या काळानंतर) तिला पोसण्याचा भार वारस नातेवाइकांवर आणि ते नसल्यास वक्फ बोर्डावर गेला. नवऱ्याने संमती दिली तरच कलम १२५ लागू होणार होते.

आता सौमित्री विष्णू खटला. त्यात आव्हान होते भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ ला. हे १८६० सालचे कलम हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी सगळ्यांना सारखेच लागू होते. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला त्याखाली शिक्षा होई आणि तक्रारीचा हक्क फक्त त्या बाईच्या नवऱ्याला असे. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. विवाहित पुरुषाने अविवाहित मुलीशी किंवा विधवेशी संबंध ठेवले तर त्याच्या बायकोला कोर्टाची पायरी चढण्याचीही सोय नव्हती. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, ही त्यामागची समजूत आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी १९५१ सालीच युसूफ अब्दुल अझीझ खटल्यात मान्य केले होते, तरी कलम टिकले. १९८५ साली सरन्यायाधीश चंद्रचूड यांनीही ते टिकवले. फूस लावणारा पुरुषच असतो असे सामान्यतः मानले जाते, असे त्यांनी नमूद केले आणि बदल करायचा तर तो विधिमंडळाने करावा असे म्हटले. ते कलम रद्द व्हायला २७ सप्टेंबर २०१८ उजाडला. रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींमध्ये त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

शरियतमधील अन्यायावर १९८५ साली अग्रलेख लिहिले गेले, सभा झाल्या. देशातल्या प्रत्येक बाईला लागू असणारा, तितकाच उघड अन्याय त्याच उन्हाळ्यात कायम झाला आणि कोणाची झोप उडाली नाही. अन्याय किती मोठा आहे यापेक्षा तो कोणाच्या घरात घडतो आहे, यावर चर्चेचा आवाज ठरला.

बहुसंख्य समाजाचा स्वतःचा अनुभव याहून वेगळा नव्हता. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला. त्याविरुद्ध हिंदू नवरे कोर्टात गेले. १९५१ सालच्या नरसू अप्पा माळी खटल्यात त्यांचा युक्तिवाद असा की मुसलमानाला चार बायका चालतात, मग दुसरी केली म्हणून आम्हालाच तुरुंग का? समतेचे कलम त्यांना आठवले ते बायकोसाठी नव्हे, शेजारच्या समाजातील पुरुषाशी बरोबरी करण्यासाठी. पुत्राशिवाय सद्गती नाही हा धार्मिक मुद्दाही मांडला गेला. छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. मुलगा हवा तर दत्तक घेता येतो आणि सुधारणा एकेका समाजापासून टप्प्याटप्प्याने करायला राज्य मोकळे आहे, असे उत्तर दिले. मात्र याच निकालात, व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, असेही म्हटले गेले. पुढे कित्येक दशके सर्व धर्मांतील पुरुषांना या वाक्याची ढाल मिळाली. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. धर्म बुडेल, कुटुंब मोडेल, फक्त आमच्याच समाजाला हात का लावता, हे त्या बिलाच्या विरोधकांचे आक्षेप होते. १९८५ साली तेच आक्षेप दुसऱ्या समाजाच्या तोंडून ऐकू आले.

द्विभार्याबंदी कागदावर आली, पण तिला पळवाट राहिली आणि ती महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात उघडी पडली. भाऊराव शंकर लोखंडे यांनी पहिली बायको हयात असताना फेब्रुवारी १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह लावला. वधूवरांची कपाळे एकमेकांना टेकवली आणि लग्न लागले, जमातीच्या दृष्टीने पुरे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली विचारले, होम कुठे आहे, सप्तपदी कुठे आहे? ती नाही म्हणून दुसरे लग्नच नाही, आणि लग्न नाही म्हणून गुन्हाही नाही. भाऊराव सुटले. पहिलीला सवत आली ती आलीच, आणि दुसरीला बायको म्हणून कायद्यात जागा उरली नाही. तेव्हापासून दुसरेपणावर दिलेल्या कितीतरी बायका या एका मुद्द्यावर पोटगीला मुकल्या.

ख्रिस्ती समाजाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद इंग्लंडच्या कायद्यातून आलेला. इंग्लंडने तो १९२३ साली काढून टाकला; भारतात तो २००१ पर्यंत राहिला. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली तो घटनाबाह्य ठरवला होता. बदलाची मागणी समाजाच्या आतून, स्त्री-संघटनांकडून आणि चर्चच्या मंडळींकडूनही होत होती. सरकारेच अल्पसंख्याकांच्या कायद्याला हात लावायला कचरत राहिली. पुढाऱ्यांना न दुखावण्याची ही काळजी अल्पसंख्याकांचा आदर म्हणून मिरवली जाते, पण त्या अल्पसंख्याकांत निम्म्या बायका असतात.

पारशांच्या बाबतीत प्रश्न खरोखर अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत देशात पारशी उरले ५७,२६४. इतका लहान समाज आपल्या सीमा जपू पाहतो तेव्हा त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. परंतु सीमा जपण्याचे ओझे कोणावर टाकले? १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात पेटिट विरुद्ध जीजीभाय या खटल्यात पारशी कोणाला म्हणावे याची चर्चा झाली. पारशी बापाची परजातीय आईपासून झालेली मुले रीतसर धर्मात घेतल्यास पारशी, असे त्यात म्हटले गेले. पारशी आईच्या मुलांना ती सवलत नव्हती. मुलगा बाहेर लग्न करून पारशी राहतो. मुलीने बाहेर लग्न केले की अनेक ठिकाणी अग्यारीचे (पारशी अग्निमंदिराचे) दार तिला बंद होते. वलसाडच्या गुलरुख गुप्ता यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले होते, धर्म बदलला नव्हता. आईवडिलांच्या अंत्यविधीला हजर राहता यावे ही त्यांची एक मागणी. लग्नानंतर स्त्री नवऱ्याच्या धर्माची मानली जाते, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना वलसाडच्या पारशी अंजुमनने त्यांना अंत्यविधीस येऊ देण्याचे मान्य केले. लोकसंख्या घटत असताना लेकी आणि त्यांची मुले नाकारायची आणि लेकांची स्वीकारायची, यात समाज टिकवण्याचा हिशेब कुठेच बसत नाही.

मुस्लिम समाजातून कोणी बोललेच नाही, ही समजूत महाराष्ट्रात तरी टिकू नये. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. शाहबानो निकालाच्या एकोणीस वर्षे आधीची ही गोष्ट. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ साली गेले, त्यानंतर त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई आणि सय्यदभाई यांनी काम पुढे नेले. मुंबईत आवाज-ए-निस्वान ही स्त्री-संघटना आणि पुढे २००७ पासून भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभे राहिले. या बायकांना दोन आघाड्यांवर लढावे लागले. घरच्यांनी त्यांना फितूर म्हटले आणि ज्यांना मुसलमानांविषयी कसलाही जिव्हाळा नव्हता ते पाठीवर थाप मारायला पुढे आले. दंगलीच्या काळात वस्ती वाचवायची की तलाकचा विषय काढायचा, असा पेच बहुसंख्य समाजातील बाईपुढे येत नाही. अल्पसंख्य स्त्रीचे दुःख समजून घेताना ही अडचण विसरली तर काहीच समजले नाही.

कोर्टाच्या आवारात मात्र काम शांतपणे पुढे सरकत होते. १९८६ च्या कायद्यातील ‘योग्य आणि न्याय्य तरतूद’ या शब्दांचा बायकांच्या बाजूने अर्थ लावणारे निकाल गुजरात, केरळ आणि मुंबईच्या उच्च न्यायालयांनी दिले. तरतूद इद्दतीच्या काळात करायची, पण ती पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरेल अशी, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पक्का केला. तो खटला लढवणारे दानियल लतिफी हे शाहबानोंचेच वकील. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे दगडू पठाण आणि रहिमबी यांचे प्रकरण आले. तलाक दिला असे नुसते कोर्टात सांगून भागणार नाही, सबळ कारण आणि त्याआधी समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल, असे पूर्णपीठाने ठरवले. एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ रोजी अवैध ठरवला, त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट केले.

२०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक हा तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा झाला. तलाक अवैध आहे म्हणजे लग्न शाबूत आहे. तरीही तो उच्चारणाऱ्याला तुरुंग. आणि काहीही न उच्चारता बायकोला माहेरी धाडून पुन्हा नांदवायला न नेणाऱ्या नवऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, तेवढ्यासाठी फौजदारी शिक्षा नाही. २०११ च्या जनगणनेत नवऱ्यापासून विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या २३ लाखांवर आहे, आणि त्यांत हिंदू स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात. तिचे नाव रेशनकार्डावर बापाच्या घरी नसते, नवऱ्याच्या घरचे कार्ड तिच्या हाती नसते. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हा कुठे हा प्रश्न सार्वजनिक झाला. तलाकपीडितेसाठी संसद कायदा करते आणि टाकलेलीसाठी साधी पोटगीची वसुली होत नाही, हेही दुहेरी मापच आहे.

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला. कायदा आता समतेचा झाला असे त्यामुळे वाटू लागते. त्याच कायद्याचे कलम १५ तेवढे वाचायचे राहते. नारायणीदेवी या स्त्रीचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, बँकेत पैसे साठवले आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. तिच्या आईने वारसा मागितला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही मागितला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवून कायद्याचे शब्द पाहिले आणि सगळी कमाई नणंदेच्या मुलांना गेली. पुरुष निपुत्रिक आणि विधुर मेला तर त्याची मालमत्ता बायकोच्या भाच्यांकडे जात नाही. कलम १५ आजही तसेच आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या, मूलबाळ आणि नवरा नसलेल्या हिंदू बाईच्या स्वकष्टार्जित पैशावर तिच्या आईबापांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो.