आधी दुकानं, मग गिऱ्हाईक : लायलपूरचे आठ बाजार

या मालिकेत आपण लढाया आणि छावण्यांबद्दल पुष्कळ बोललो. आज विषय बाजारपेठेचा आहे. फौजी माणूस दुकानांबद्दल काय सांगणार, असं कुणाला वाटेल. पण माझी नोकरी गेली आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे पीठ, डाळ, चारा, पेट्रोल आणि गाड्या यांच्या हिशेबात. नवं गाव दिसलं की मी आधी बघतो, इथे माल येतो कुठून आणि जातो कुठे. देऊळ नि किल्ला नंतर.

या नजरेनं बघायला लायलपूरसारखं दुसरं गाव नाही. आज ते पाकिस्तानात आहे, नाव फैसलाबाद. पण आपल्याकडच्या पंजाबात फिरताना अजूनही एखादं म्हातारं माणूस स्वतःची ओळख 'आम्ही लायलपुरिये' अशी करून देतं, आणि ते सांगताना जरा ताठ बसतं. का, ते पुढे येईलच.

आपल्या ओळखीचं कुठलंही जुनं गाव घ्या. आधी नदी, मग वस्ती, वस्तीत देऊळ किंवा मशीद, तिथे आठवडी बाजार, बाजारातून पेठ. हे व्हायला शंभर-दोनशे वर्षं लागतात. लायलपुरात गाडी उलटी चालली. तिथे आधी कागदावर बाजार आखला, मग शेतकरी आणले.

रावी आणि चिनाब या नद्यांमधल्या पट्ट्याला सांदल बार म्हणत. बार म्हणजे नदीच्या पुरापासून दूर राहिलेला उंचवट्याचा कोरडा भाग. जंगली झुडपं, गुरं चारत फिरणाऱ्या जमाती, विरळ वस्ती. ब्रिटिश सरकारनं चिनाबवर खानकी इथे बंधारा बांधला आणि १८९२ साली लोअर चिनाब कालव्याचं पाणी या पट्ट्यात सोडलं. वीस लाख एकरांहून जास्त जमीन पुढे या पाण्याखाली आली. आपला नीरा कालवा आठवा, म्हणजे फरक कळेल. नीरेच्या पाण्यानं जुन्याच गावांचं नशीब पालटलं. इथे मात्र सरकारच्या लेखी गावंच नव्हती. गुरं चारणाऱ्यांच्या पिढीजात वाटा होत्या, पण त्यांना सातबारा नव्हता. त्यांच्यातल्या काहींना जमिनी मिळाल्या, बाकीचे बाजूला सारले गेले. ते गाव वसवल्याच्या कौतुकात कुणी सांगत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मग अमृतसर, जालंधर, होशियारपूर, लुधियाना, सियालकोट अशा दाटीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणले. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले. एक मुरब्बा म्हणजे साधारण २८ एकर, त्याचे २५ किल्ले. किल्ला म्हणजे इथे गड नव्हे बरं का, एक एकरापेक्षा थोडा मोठा तुकडा. गावांना नावं द्यायलाही कुणाला सवड नव्हती, नंबर दिले. भगतसिंगांचा जन्म १९०७ साली झाला तो बंगा गावात, सरकारी दप्तरात 'चक नंबर १०५, गुगेरा ब्रांच'. गुगेरा ब्रांच ही कालव्याची शाखा. म्हणजे माणसाचा पत्ता तो कुठल्या पाटाचं पाणी पितो यावरून. आपल्या फौजेतल्या पोस्टांचे नंबर असेच असतात, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटतं.

या सगळ्या चकांच्या मधोमध शहर आखलं. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स लायल यांचं नाव त्याला दिलं. वसाहतीचं काम पाहणारा अधिकारी होता पॉपहॅम यंग. मध्ये घंटाघर, आणि त्यातून आठ दिशांना आठ बाजार. आठही बाजारांना आतून जोडणारा एक गोल बाजार. वरून पाहिलं तर ब्रिटिश झेंड्याची आकृती दिसते, असं कौतुकानं सांगतात. मला झेंड्यापेक्षा बाजारांची नावं महत्त्वाची वाटतात. रेल बाजार, कचेरी बाजार, कारखाना बाजार, चिनिओट बाजार, झंग बाजार, माँटगोमरी बाजार, भवाना बाजार, अमीनपूर बाजार. एकाही बाजाराला सोनार, तांबट, बोहरी असं धंद्याचं किंवा जातीचं नाव नाही. पुण्यात नाहीतर नाशकात तांबट आळी असते, कारण तांबट आधी येऊन बसले. लायलपुरात आधी रस्ता आला. चिनिओटकडे जाणारा रस्ता तो चिनिओट बाजार, झंगकडे जाणारा तो झंग बाजार, स्टेशनकडचा रेल बाजार. बाजारांची यादी म्हणजे वाहतुकीचा नकाशाच.

आता हा नकाशा चालायचा कसा? सुरुवातीला तो चालतच नव्हता. पाणी आलं, पहिल्या काही हंगामांतच गव्हाचं उदंड पीक आलं, आणि माल हलवायला होते फक्त बैलगाडे आणि उंट. पंजाबात मोठ्या बैलगाडीला गड्डा म्हणतात. बैल वाटेत स्वतः खातो, गाडीवान खातो, आणि जितकं लांब जावं तितका भाड्यापोटी गहू स्वस्त पडतो. पुरवठ्याच्या माणसाला हे गणित पाठ असतं : जनावराच्या पाठीवरचा पल्ला जसा वाढतो तसा मालाचा अर्धा जीव वाटेतच जातो. म्हणून खरी कळ फिरली ती वझीराबादहून लोहमार्ग आला तेव्हा. १८९०च्या दशकातच रेल्वे लायलपूरला पोचली आणि शतक पालटेपर्यंत ती खानेवालला जाऊन कराचीच्या मार्गाला मिळाली. याच मार्गावर गोजरा आणि टोबा टेकसिंग. मंटोंच्या कथेमुळे टोबा टेकसिंग हे नाव आपल्याला वेगळ्याच कारणानं माहीत आहे, पण ते मुळात या मार्गावरचं धान्याचं स्टेशन होतं.

आता गव्हाचं गिऱ्हाईक शेजारच्या गावात नव्हतं. ते कराची बंदरापलीकडे इंग्लंडात होतं. राली ब्रदर्ससारख्या निर्यातदार कंपन्यांची माणसं लायलपूरच्या मंडीत खरेदीला बसू लागली. चकातल्या शेतकऱ्याच्या गव्हाचा भाव आता हजार किलोमीटरवरच्या बंदरात ठरू लागला, आणि शेतकऱ्याला तो कळायचा सगळ्यांच्या शेवटी.

मंडीचं काम कसं चालायचं ते नीट समजून घेऊ, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. शेतकरी गड्डा भरून पहाटे मंडीत येई आणि आपल्या अडत्याच्या दारात ढीग घाली. अडत्या म्हणजे दलाल, सावकार, बियाण्याचा नि कापडाचा पुरवठादार, आणि मुलीच्या लग्नात आहेर घेऊन येणारा घरचा माणूस, सगळं एकाच गादीवर. बऱ्याच मंड्यांत बोली उघड होत नसे. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबत आणि भाव ठरे. ज्याचा माल तो शेजारी उभा, पण त्याला काही दिसत नसे. मग तोलाई, हमाली, चाळणी, धर्मादाय, गोशाळा अशा नावांनी कापाकापी. एकेक रक्कम किरकोळ, पण गड्डा रिकामा होईपर्यंत बेरीज अंगावर येई. वर अडत्याची जुनी बाकी कापून उरलेले पैसे हातात. ते पैसे घेऊन माणूस रेल बाजारात शिरे, कापड, मीठ, गूळ, घासलेट घेई आणि काही पैसे परत त्याच पेठेत सोडून घरी जाई.

सगळे अडते लुटारू होते असं मी म्हणत नाही. पाऊस, टोळधाड, बैल मेला, अशा वेळी सरकारचं दार बंद आणि अडत्याचं उघडं असायचं. पण पकड होती हे खरं. माल्कम डार्लिंग हा सहकार खात्यातला इंग्रज अधिकारी पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास करत होता. १९२५ साली त्यानं त्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात हेच मांडलं की सुबत्ता आली तसं कर्जही वाढलं. पाण्यानं जमिनीची किंमत वाढवली, किंमत वाढली म्हणून पत वाढली, पत वाढली म्हणून कर्ज मिळालं. १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्यानं बिगरशेतकरी जातींना शेतजमीन घ्यायला मनाई झाली, त्यामुळे अरोडा-खत्री दुकानदाराला शेत गिळता येईना. पण वही त्याच्याच हातात राहिली. अडतीतल्या कापाकापीला लगाम घालणारा बाजार समितीचा कायदा पंजाबात आला तो थेट १९३९ साली.

गावाकडचे कारागीरही नव्या वस्तीत आले होते. सुतार, लोहार, कुंभार, मोची, विणकर. आपल्या बलुतेदारीसारखीच तिकडे 'सेप' पद्धत : वर्षभर काम करायचं आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. पण नव्या मुलखात चाकं, नांगर, खाटा, दारं, सगळंच नव्यानं करायचं होतं आणि हात कमी होते. त्यामुळे सुतार-लोहारांना रोकड मजुरी मागता येऊ लागली. जुन्या गावात ज्याला चौकटीबाहेर थांबावं लागे, त्याला लायलपुरात कारखाना बाजाराच्या बाजूला भट्टी लावता आली. कपाशीचे जिनिंग कारखाने आले, तेव्हा तर मिस्त्रीची किंमत आणखी वाढली. माझ्या मते या शहराचा सगळ्यात मोठा फायदा शेतकऱ्यापेक्षा लोहाराला झाला. शेतकरी पाण्याला बांधलेला होता, लोहार नव्हता.

आता माझ्या आवडीचा भाग. या वसाहतीत काही जमिनी एका अटीवर दिल्या होत्या : उंट पाळायचे आणि बोलावणं आलं की उंटासह फौजेच्या वाहतुकीला हजर व्हायचं. यामागचं कारण अफगाणिस्तान. १८७८ ते १८८०च्या अफगाण युद्धात वाहतुकीचे हजारो उंट मेले होते. ऐनवेळी बाजारातून मिळेल तो उंट उचलायचा नि त्याला डोंगरात मारायचा, हा तो प्रकार. त्यापेक्षा जमिनीच्या बदल्यात पोसलेला उंट आणि त्याला ओळखणारा सारवान कायम हाताशी बरा. शेजारच्या शाहपूर जिल्ह्यात, सरगोध्याच्या बाजूला, हीच अट घोडीची होती. जमीन हवी तर पैदाशीची घोडी पाळा, सैन्याला रिमाउंट मिळतील. म्हणजे शेतात जो गहू उभा आहे त्याच्या बांधावर फौजेचं ट्रान्सपोर्ट चरतं आहे. कागदावर झकास योजना. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र कायमची तपासणी : जनावर आजारी का, अधिकारी कधी येणार, दंड किती.

दंड हाच पुढे ठिणगी ठरला. १९०७ साली सरकारनं वसाहतींसाठी नवा कायदा आणला. वारसा कसा जाईल, झाडं कोण तोडेल, घर कुठे बांधायचं, सगळ्यावर सरकारी हुकूम. मार्चमध्ये लायलपुरात मोठी सभा झाली. तिथे बांकेदयाळ यांनी 'पगडी संभाल जट्टा' हे गीत म्हटलं आणि चळवळीलाच ते नाव पडलं. पुढारी होते भगतसिंगांचे चुलते अजितसिंग. त्यांना आणि लाला लजपतरायांना मंडालेला हद्दपार केलं गेलं. पण व्हाइसरॉय मिंटोनं त्या कायद्याला मंजुरी नाकारली. त्याचं कारण फौजेत होतं : याच घरांतली पोरं पलटणीत होती. वडिलांना चकात दंड आणि मुलगा सरहद्दीवर बंदूक घेऊन उभा, हे फार दिवस चालत नाही, एवढं सरकारला कळलं होतं.

आता शहरातल्या सवारीकडे वळू. स्टेशनवर टांगे आणि एक्के उभे असत. त्याहून मजेची घोडा-रेल्वे होती गंगापूरची. सर गंगाराम हे नामांकित इंजिनिअर. त्यांना या मुलखात जमीन मिळाली होती, पण ती पाटाच्या पाण्यापेक्षा उंच होती. पाणी वर चढवायला अवजड यंत्र आणायचं होतं आणि बुचियाना स्टेशन तीनेक किलोमीटरवर. बैलगाडीवर ते पेलेना, म्हणून त्यांनी स्टेशनपासून गावापर्यंत अरुंद रूळ टाकले आणि त्यावरची ट्रॉली घोड्यानं ओढली. यंत्र पोचल्यावर तीच ट्रॉली माणसं नेऊ लागली आणि पुढे कित्येक दशकं नेत राहिली.

१९०१ साली लायलपूरची वस्ती सुमारे ९ हजार होती, १९४१ साली ७० हजारांच्या घरात. १९०६ साली शेतकी कॉलेज, १९३४ साली दिल्ली क्लॉथ मिल्सनं काढलेली कापडगिरणी. दुकानं आणि अडती मुख्यतः हिंदू आणि शीख, कारागीर पुष्कळसे मुसलमान, चकांत शीख आणि मुसलमान जाट. आखताना सगळ्या गोष्टींची जागा ठरवली होती, एवढं सोडून की हे लोक एकमेकांशिवाय एक दिवसही धंदा करू शकत नाहीत.

१९४७च्या सप्टेंबरात शिखांचे चकच्या चक निघाले. रेल्वेवर हल्ले होत होते, म्हणून मोठे तांडे रस्त्यानं निघाले आणि त्यांना फौजेचं संरक्षण दिलं. वाहन होतं तेच, मंडीत गहू नेणारा गड्डा. मैलोन् मैल लांब रांगा. रावी आणि सतलज ओलांडायच्या तर पूल कुठे? कालव्यांच्या बंधाऱ्यांवर. बलोकी आणि सुलेमानकीच्या हेडवर्क्सवरून हे गड्डे फिरोजपूर जिल्ह्यात उतरले. शेतकऱ्यांना पूर्व पंजाबात सोडून आलेल्या जमिनीच्या मानानं, पण बरीच कापून, जमीन मिळाली. चांगली बागायत सोडून आलेला लायलपुरिया वाळवंटाच्या कडेला पुन्हा पाटाची वाट बघत बसला. अडत्यांनी नव्या मंड्यांत गाद्या टाकल्या. त्यांच्या जुन्या वह्यांतली येणी तिकडेच बुडाली. उलट दिशेनं अमृतसर, जालंधर, लुधियान्याचे मुसलमान विणकर आणि कारागीर लायलपुरात आले आणि रिकाम्या दुकानांत बसले. आज ते शहर पाकिस्तानची कापडाची पेठ आहे. घंटाघर आहे, आठही बाजार आहेत, आणि माँटगोमरी गावाचं नाव बदलून साहिवाल झालं तरी बाजाराला लोक अजून माँटगोमरी बाजारच म्हणतात.