पडद्यावरचा हात किती हलका?

आमच्या राजेंद्रनगरातील एक आजोबा मिस्सानंतर थांबले. डोळ्याच्या पडद्यावर पापुद्रा आला आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितलेले. “फादर, माणसाचा हात थरथरतो. यंत्र येईपर्यंत थांबू का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

हा पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा जाड असतो. हाताची स्वाभाविक थरथर त्याहून कितीतरी मोठी. जोराचे तर विचारूच नका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पडद्यावर काम करताना बहुतेक वेळ जोर ७.५ मिलिन्यूटनहून कमी भरला. शेतकरी वाचकहो, हे झाले सोयाबीनच्या सहा-सात दाण्यांचे वजन! एवढा जोर बोटांना बहुधा कळतच नाही. हत्यार डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतील छिद्रातून आत जाते आणि हाताला जाणवते ते त्या भिंतीशी होणारे घर्षण. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहून जोराचा अंदाज बांधतात.

म्हणून मापक मुठीत बसवून भागत नाही, तो आत जाणाऱ्या सुईवरच हवा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधकांनी सुईच्या दांड्यावर केसासारखे काचतंतू चिकटवले. तंतूत लेसरने बारीक रेघांची जाळी कोरलेली असते. सुई किंचित वाकली की जाळी ताणते आणि परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. त्यावरून जोर कळतो. तो वाढला की यंत्र आवाज करून सावध करते. असे जाळीचे तंतू आपल्या जवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही बनवले गेले आहेत, अर्थात वेगळ्या कामांसाठी.

२०१६ साली ऑक्सफर्डला यंत्राच्या साहाय्याने डोळ्याच्या आत प्रथम शस्त्रक्रिया झाली. रुग्ण होते सत्तरीचे एक अँग्लिकन धर्मगुरू! (आम्हांला याचे विशेष कौतुक वाटले.) पण तेथेही यंत्र आपल्या मनाने चालले नाही. दांडी डॉक्टरांच्या हाती होती. यंत्राने हाताची हालचाल लहान केली आणि थरथर गाळली.

तेव्हा थांबू नये. आजही ही कामे बहुतेक ठिकाणी हातानेच होतात आणि चांगली होतात. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने सावली सरकली, तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे. रविवारची वाट पाहू नये.

आजोबांनी तारीख घेतली आहे.